वावडे

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपल्याकडे नेहमी ऐकू येते. परंतु ताट पुढे आले की तिचा सर्वांना विसर पडतो. एकाला जे रुचले, पचले आणि मानवले, ते दुसऱ्यालाही मानवलेच पाहिजे, असा समज घरोघरी असतो. अन्न चांगले, करणाराचा हात मायेचा, मग खाणाराने कुरकुर का करावी, असे वडीलधाऱ्यांना वाटते. त्यात त्यांचा दोष नसतो. मात्र आपल्या भाषेने ह्या बाबतीत फार पूर्वीच सावधगिरी दाखविली आहे. एखादा पदार्थ एखाद्याच्या प्रकृतीला सोसत नसेल, तर 'त्याला त्याचे वावडे आहे' असे मराठीत म्हणतात. हा शब्द लहान असला, तरी त्याच्या पोटात अनेक प्रकार दडलेले आहेत. लातूर जिल्ह्यातील एका घरात एकाच हिवाळ्यात दोन निराळी वावडी कशी उघडकीस आली, त्याची हकिकत ह्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या घरात माणसे पाच : आजी, आई, वडील, पुण्यास कृषिमहाविद्यालयात शिकणारा मोठा मुलगा आणि सहावीत जाणारी मुलगी. मुलीला घरात सारे 'धाकटी' म्हणत. वडील शेती करीत, आई गावच्या अंगणवाडीत सेविका होती. मृगाचा पाऊस पडला की शिवारात सोयाबीन पेरले जाई आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास त्याची रास होई. पोती लातूरच्या बाजारात जात. पुढे गिरणीत त्या दाण्यांचे तेल निघे आणि उरलेली पेंड जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात जाई. पीक घरचे असूनही घरच्या ताटात ते दाणे कधी वाढले गेले नव्हते.

२०२३ सालच्या दिवाळीनंतर ही रीत बदलली, आणि तिला कारण झाले आजीचे पोट. म्हशीचे दूध प्यायल्यावर आजीचे पोट फुगे आणि मुरडा येई. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले, की दुधात 'लॅक्टोज' नावाची साखर असते. ती पचविणारा रस लहान आतड्यात तयार होतो. पण वय वाढते तसतसा पुष्कळांच्या शरीरात तो कमी पडू लागतो. मग न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाते, तेथील जंतू तिला आंबवितात आणि पोटात वायू धरतो. दही लागताना ह्या साखरेचा काही भाग आधीच आंबून गेलेला असतो, म्हणून दूध न सोसणाऱ्या माणसाला ताक बहुधा सोसते. आजीचे ताकावर भागलेही असते. परंतु सकाळी पेलाभर गरम दूध घेण्याचा तिचा नेम जन्माचा होता. सुट्टीत घरी आलेल्या नातवाने तोडगा सुचविला, "आजी, आपल्याच रानातल्या सोयाबीनचं दूध करू या की!"

सोयाबीनचे दूध ही चीनमधील फार जुनी गोष्ट. ते करण्याची कृतीही अवघड नाही. रात्री दाणे भिजत घालावेत, सकाळी चोळून त्यांची साले काढावीत, पाणी घालून बारीक वाटावेत, मलमलच्या फडक्यातून गाळावेत आणि तो रस चांगला खळखळून उकळावा. हे उकळणे टाळता येत नाही; कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारी द्रव्ये असतात आणि ती उष्णतेने निकामी होतात. सोयाबीनच्या शंभर ग्रॅम वाळलेल्या दाण्यांत छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या नेहमीच्या वापरातील इतर कोणत्याही डाळीत ती इतकी सापडत नाहीत. त्यात लॅक्टोज मुळीच नसते. आजीला हे दूध मानवले. फडक्यात उरलेला चोथाही तिने वाया जाऊ दिला नाही. कधीमधी तो भाजणीत मिसळून ती थालीपिठे लावू लागली.

आपल्याला जे मानवले ते नातीलाही मिळावे, असे आजीला वाटणे स्वाभाविकच होते. धाकटीला दुधावरच्या सायीची किळस होती. ह्या दुधावर तशी जाड साय धरत नसे. गूळ आणि वेलदोड्याची पूड घालून आजी रोज सकाळी तिच्यापुढे पेला ठेवू लागली. दोन-तीन आठवडे तिने तो आवडीने घेतला.

पुढे एके दिवशी पेला संपवून ती दप्तर भरीत होती, तोच तिचे ओठ खाजू लागले. जिभेला चुणचुण लागली, टाळू कशाने तरी खरवडल्यासारखा वाटला. शाळेत पोचेपर्यंत सारे थांबले. दोन दिवसांनी पुन्हा तसेच झाले. धाकटी कोणाला काही बोलली नाही. एकदा तिने अर्धा पेला तसाच ठेवला, तेव्हा आजी सहज म्हणाली, "काय गं पोरी हे नखरे! एवढं पहाटे उठून मी करते, ते कुणासाठी?" आजीच्या बोलण्यात राग नव्हता, पण धाकटीला ते लागले. वाटून वाटून आजीचे मनगट दुखते, हे तिने पाहिले होते. ओठांच्या चार घटकांच्या खाजेसाठी आजीचे मन दुखवावे, हे तिला बरे वाटेना. त्या दिवसापासून पेला निमूटपणे रिकामा होऊ लागला.

पण शरीराला गप्प बसविता येत नाही. डिसेंबरात तिच्या मानेवर आणि हातांवर लालसर, फुगीर गांधी उठू लागल्या. आजी म्हणाली, "पित्त उठलंय," आणि तिने आमसुलाचे पाणी चोळले. तासा-दोन तासांत गांधी मावळत, त्यामुळे आमसुलाचा गुण आला असे सर्वांना वाटे. वडिलांना वाटले, मळणीची धूळ बाधली असावी. आजीचा संशय वेलदोड्यावर गेला. आईने कोणाशीच वाद घातला नाही. अंगणवाडीतील मुलांची वजने दर महिन्याला नोंदविणारी ती बाई. अंदाजापेक्षा नोंदीवर तिचा विश्वास अधिक. तिने एक कोरी वही घेतली आणि पाच रकाने आखले : दिवस, वेळ, काय खाल्ले, अंगावर काय दिसले, किती वेळ टिकले.

पंधरा दिवस वही भरत गेली, पण तिच्यातून काही उलगडा होईना. गांधी उठल्याचे दिवस चार. दूध प्यायल्याचे दिवस मात्र पंधरा. दूधच कारण असेल, तर उरलेले अकरा दिवस कोरे कसे? वेलदोडा बंद करून पाहिला, तरी गांधी उठलीच. उलट, शेजारच्या घरी वेलदोडा घातलेली शेवयांची खीर खाऊन आल्यावर काहीच झाले नाही. वेलदोडा निर्दोष ठरला. पण खरा दोषी कोण, ते कळेना.

जानेवारीतील एका संध्याकाळी थालीपिठे झाली. दीड थालीपीठ खाऊन धाकटी उठली आणि पाऊण तासात तिचा वरचा ओठ सुजला, एक पापणी जड झाली, दोन्ही हातांवर गांधी उठल्या. आईने तिला उजेडात नेऊन निरखून पाहिले. श्वास नीट चालला होता, आवाज स्वच्छ होता. मग ती हळूच म्हणाली, "खरं सांग, आणखी काय काय होतं तुला? ओठाला, घशाला?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने सारे सांगितले. आईने वही पुढे ओढली आणि आठवेल तसे मागचे रकाने भरायला तिलाच बसविले. कोऱ्या दिसणाऱ्या अकरा दिवसांपैकी नऊ दिवसांपुढे 'ओठ खाजले' असे लिहिले गेले. आता वही बोलू लागली. आज दूध नव्हते, गूळ नव्हता, वेलदोडा नव्हता. तरी त्रास सर्वांत अधिक झाला होता. मग दुधात आणि थालीपिठात समान काय होते? धाकटीने स्वतःच बोट ठेवले, "आई, चोथा! थालीपिठात चोथा होता."

वही तीच, रकाने तेच. पण अर्धे सत्य लिहिलेली वही पंधरा दिवस मुकी राहिली होती.

नोंदींवरून रोगाचा माग कसा लागतो, ह्याचे एक मोठे उदाहरण सोयाबीनच्याच बाबतीत घडले आहे. स्पेनमधील बार्सिलोना ह्या बंदराच्या शहरात १९८१ ते १९८७ ह्या काळात दम्याच्या सव्वीस साथी आल्या. एखाद्या दिवशी अचानक अनेक माणसे गुदमरून रुग्णालयात येत आणि मग सारे शांत होई. हवा, धूर, कारखाने असे अनेक तर्क झाले. शेवटी डॉक्टरांनी साथींच्या तारखा आणि बंदरात जहाजे रिकामी होण्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. तपासलेल्या साथींच्या प्रत्येक दिवशी बंदरात सोयाबीन उतरविले गेले होते! धान्य साठविण्याच्या एका उंच कोठाराला धूळ अडविणारी गाळणी नव्हती. दाण्यांच्या टरफलांची सूक्ष्म धूळ वाऱ्यावर शहरभर पसरत होती. गाळण्या बसविल्या आणि साथी थांबल्या. एका शहराचे कोडे तारखांच्या दोन याद्यांनी सोडविले.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीचे सोयाबीन बंद झाले आणि पुढच्या आठवड्यात आई तिला घेऊन लातूरला तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेली. त्यांनी वही शांतपणे वाचली. पित्तावरच्या गोळ्या सुरू नाहीत ना, ते विचारून घेतले. कारण त्या घेतल्या असतील तर परीक्षा फसते. मग धाकटीच्या हातावर, कोपराच्या खाली, थोड्या थोड्या अंतरावर निरनिराळ्या द्रवांचे थेंब ठेवून त्यांतून बारीक टोचणी टेकविली. एक थेंब साध्या मिठाच्या पाण्याचा होता. तेथे काही उठता कामा नये. एक थेंब 'हिस्टामीन'चा होता. तेथे गांध उठलीच पाहिजे. ह्या दोहोंमुळे परीक्षा खरी की खोटी ते कळते. पंधरा-वीस मिनिटांनी सोयाबीनच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी गांध उठली होती. भुईमूग हाही सोयाबीनसारखाच शेंगेचा. पण त्याच्या थेंबाखाली काही उठले नाही. डॉक्टरांनी पट्टीने गांध मोजली आणि सांगितले, "नुसत्या ह्या गांधीवरून मी निर्णय दिला नसता. काहींच्या हातावर गांध उठते, पण खाल्ल्यावर त्यांना काही होत नाही. पण तुमची वही आणि ही परीक्षा दोघी एकच गोष्ट सांगताहेत. मुलीला सोयाबीनची ॲलर्जी आहे. सध्या तरी सौम्य आहे."

"मग सुरुवातीला इतके दिवस काहीच कसं झालं नाही?" आईने विचारले.

डॉक्टरांनी जे सांगितले ते शेतकऱ्याच्या घराला सहज कळण्यासारखे होते. ज्वारीच्या शेतात माळ्यावर राखणदार बसतो. पाखरांवर गोफण चालविणे हे त्याचे काम. आपल्या रक्तातही असेच राखणदार असतात आणि रोगजंतूंवर ते हत्यार चालवितात. कधी कधी त्यांच्यापैकी एखादा पाहुण्यालाच चोर समजतो. पहिल्या भेटीत तो त्याचा चेहरा तेवढा मनात धरून ठेवतो. तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. पुढे तोच पाहुणा पुन्हा वेशीत दिसला की गोफण सुटते. सोयाबीनमधील एखादे प्रथिन हा येथे पाहुणा. रक्तातील एक विशिष्ट प्रतिद्रव्य हा त्याला चुकीने ओळखणारा राखणदार. आणि पेशींतून बाहेर पडणारे हिस्टामीन हा गोफणीचा धोंडा. त्याने खाज सुटते, सूज येते, गांधी उठतात.

शरीराच्या ह्या बदललेल्या वागण्याला 'ॲलर्जी' हे नाव व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली दिले. 'वेगळे' आणि 'कार्य' अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ते बनविले. त्यानंतर साठ वर्षांनी, १९६६ साली, किमिशिगे आणि तेरुको इशिझाका ह्या जपानी दांपत्याने अमेरिकेत संशोधन करून ते चुकणारे प्रतिद्रव्य शोधून काढले. त्याच सुमारास स्वीडनमधील संशोधकांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. आजीच्या वावड्यात ह्या राखणदाराचा काहीच संबंध नव्हता. तेथे पचविणारा रस कमी पडत होता. आजीने चुकून घोटभर दूध घेतले, तर पोट दुखून थांबले असते. नातीच्या बाबतीत मात्र घोटभरही टाळणे शहाणपणाचे होते; कारण आज सौम्य असलेली ॲलर्जी उद्याही सौम्यच राहील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितले, की श्वास घेण्यास त्रास झाला, आवाज बसला, वारंवार उलटी झाली किंवा चक्कर आली, तर आमसुलाची वाट न पाहता तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. 'खरेच होते का ते पाहू' म्हणून घरी पुन्हा खाऊन पाहणे तर मुळीच करू नये. धीर देण्यासारखी गोष्टही त्यांनी सांगितली : पुष्कळ मुलांत सोयाबीनची ॲलर्जी वाढत्या वयाबरोबर नाहीशी होते, म्हणून काही काळाने पुन्हा तपासणी करावी.

घरी आल्यावर हे सारे ऐकून आजी मटकन खाली बसली. "माझ्याच हातानं मी पोरीला ते पाजलं," ती म्हणाली. तिला वाईट वाटू नये म्हणून जी नात महिनाभर गप्प राहिली होती, तिलाच आता तिचे डोळे पुसावे लागले. "आज्जी, तुझ्या हाताचा काय दोष? मीच सांगितलं नाही." आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी 'नखरे' म्हणाले ना, म्हणून सांगितलं नाहीस. आता कधी म्हणायची नाही." आजीच्या तोंडून निघालेल्या ह्या एका वाक्याने धाकटीच्या मनावरचे ओझे उतरले.

त्यानंतर घराला काही नव्या सवयी लागल्या. सोयाबीनच्या दुधाचे पातेले वेगळ्या फळीवर गेले आणि त्याच्या कडीला आजीने लाल दोरा बांधला. दुकानातून आलेल्या पुड्यावरील बारीक अक्षरे वाचण्याचे काम धाकटीकडे आले. भारतात २०२० साली झालेल्या नियमांप्रमाणे, पदार्थात सोयाबीन, भुईमूग, दूध, अंडे, मासे किंवा गहू ह्यांसारखे ॲलर्जी आणणारे घटक असल्यास ते वेष्टणावर स्पष्ट सांगावे लागतात. बिस्किटांत, चॉकलेटांत, मसाल्याच्या पुड्यांत सोयाबीन कोठे कोठे दडलेले असते, हे पाहून तिला नवल वाटे. वडील गमतीने म्हणत, "आपलं पीक एवढं गाव फिरून येतं, हे तुझ्यामुळं कळलं."

जून २०२४ मध्ये ती सातवीत गेली. त्याच वर्षी शाळेतील पोषण आहारासाठी राज्याने ठरविलेल्या पाककृतींत सोयाबीन पुलावही आला. आता धाकटी गप्प राहिली नाही. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी तिने वर्गशिक्षकांना दाखविली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी पुलावाच्या दिवशी तिचा भात आधी, वेगळ्या डावाने काढून ठेवण्याचे मान्य केले. दोन-तीन मुलांनी प्रथम चेष्टा केली. एकाने तर "मलाही कारल्याची ॲलर्जी आहे" असे मोठ्याने जाहीर केले आणि सारा वर्ग हसला. धाकटीही हसली. मग शिक्षकांनी तिला फळ्यावर ते पाच रकाने आखून दाखवायला सांगितले आणि त्या मुलाला विचारले, "कारले खाल्ल्यावर तुझ्या अंगावर काय दिसते, आणि किती वेळ टिकते?" मुलगा खाली बसला. न आवडणे आणि न सोसणे ह्यांतील भेद वर्गाच्या लक्षात आला. पुढच्या पुलावाच्या दिवशी त्याच मुलाने पंगतीत ओरडून सांगितले, "बाई, तो डाव नको, तो पुलावातला आहे!"

शरीराच्या लहानशा तक्रारीला भिऊन जाण्याचे कारण नसते, आणि ती दडपून टाकण्याचेही कारण नसते. ती नीट पाहावी, जशी असेल तशी सांगावी आणि जाणत्याकडे न्यावी. सांगणाराला धीर हवा, तसेच ऐकणाराच्या मनात जागा हवी. मोठ्यांच्या मायेला लहानांचे खरे बोलणे ऐकून घेता आले, तर ती माया अधिक उपयोगी पडते.

आता त्या घरी सकाळी चुलीवर दोन पातेली असतात. लाल दोऱ्याच्या पातेल्यातील दूध आजी घेते. दुसऱ्या पातेल्यात म्हशीचे दूध तापते. आणि नातीच्या पेल्यात सायीचा कणही जाऊ नये, म्हणून आजी ते स्वतः दोनदा गाळून देते.